हॉर्नला 'ओ' देणारे आमचे व्याही

नांदेड शहरात दिवसभरात जेवढे म्हणून हॉर्न वाजतात, त्या सगळ्यांना 'ओ' देणारा माणूस उभ्या शहरात एकच आहे, आणि तो आमचा व्याही आहे. हे मी कौतुकानं सांगतोय की तक्रारीनं, ते माझं मलाच अजून नीट ठरवता आलेलं नाही. तुमच्याआमच्या मागे हॉर्न वाजला की आपण काय करतो? कपाळाला आठी घालतो, आरशात बघून मागच्याच्या सात पिढ्यांचा हळू आवाजात उद्धार करतो, फार तर काच खाली करून हात नाचवतो. आमचे व्याही यातलं काहीही करत नाहीत. ते गाडी कडेला घेतात; कडेला घेता येत नसेल तर असेल तिथेच उभी करतात. हँडब्रेक ओढतात. खाली उतरतात. पांढऱ्या सदऱ्याच्या सुरकुत्या हातानं सारख्या करतात आणि लग्नाच्या मांडवात एखाद्या पाहुण्याकडे जावं तसे सावकाश चालत मागच्या गाडीपाशी जातात. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, चेहऱ्यावर खरीखुरी उत्सुकता. हात जोडून लिंगायतांचा नमस्कार घालतात आणि विचारतात, "शरणार्थ. बोलावलं का मला?"

यात टोमणा नसतो, हे आधी सांगितलं पाहिजे. टोमणा मारायला लागणारा तिरकेपणा त्यांच्या अंगातच नाही. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं असतं, की या भल्या माणसाचं आपल्याकडे काय काम निघालं. "व्याहीबुवा," त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं, "आपण कोणाला हाक मारली अन् त्यानं वळूनसुद्धा बघितलं न्हाई, तर त्याला आपण काय म्हणतो? माजोरी म्हणतो का न्हाई? मग माझ्या मागं लोक एवढी हाक मारून राहिले, अन् मी नुसता पुढं बघत बसू? ते बरं दिसतं का?" मी लातूरला भांड्यांचं दुकान चालवतो. रोज गिऱ्हाइकांशी वाद घालण्यात माझा दिवस जातो, पण त्या दिवशी मी मुकाट्यानं मान डोलावली.

त्यांचा सगळा जन्म मोंढ्यात गेला. देगलूरकडचं गाव सोडून ते तरुणपणी नांदेडला आले आणि धान्याच्या बाजारात त्यांनी अडतीचं दुकान टाकलं. आता ते दुकान थोरला मुलगा बघतो. पण आयुष्यभर हाळी, लिलाव आणि हमालांची आरोळी ऐकलेल्या माणसाचा कान वेगळाच तयार होतो. मोंढ्यात कोणी उगीच ओरडत नाही. 'हूं' म्हटलं तर भाव चढतो, 'हां' म्हटलं तर पोतं उठतं. "ह्या हॉर्नचं कसं हाय माहीत हाय का," ते म्हणतात, "बोली तर लावायची, अन् माल उचलायचा न्हाई. बाजारात असं केलं असतं तर लोकांनी दुसऱ्या दिवशी उभं केलं नसतं."

त्यांची आणि माझी पहिली भेटसुद्धा हॉर्नमुळेच उशिरा झाली. माझ्या मुलीला, पल्लवीला, पाहायला त्यांच्या घरची मंडळी नांदेडहून लातूरला येणार होती. पोहे भिजून फुगले, फुगून कोरडे पडले, बायकोनं पुन्हा भिजवले, तरी पाहुण्यांचा पत्ता नाही. अखेर गाडी आली. आधी नवरा मुलगा, म्हणजे त्यांचा धाकटा, उतरला, मग विहीणबाई, मग स्वतः व्याही, आणि त्यांच्या मागून स्कूटरवर एक टक्कल पडलेले, जाडजूड गृहस्थ. मी सगळ्यांना सारख्याच आदरानं आत नेलं. टक्कलवाल्यांना तर मुलाचे मामा समजून पंख्याखालची खुर्ची दिली. त्यांनी पोहे दोनदा घेतले. पल्लवी चहा घेऊन आली तेव्हा सगळे संकोचून गप्प बसले होते, फक्त या गृहस्थांनी विचारलं, "स्वयंपाक येतो का?" आमची मुलगी म्हणाली, "येतो. तुम्हाला?" मी घाईनं पोह्यांची बशी पुढे केली. पण ते गृहस्थ गडगडाटी हसले आणि आमच्या व्याह्यांच्या मांडीवर थाप मारून म्हणाले, "मुलगी तेज आहे. करून टाका." वातावरण एकदम मोकळं झालं. सोयरिक त्या क्षणी जुळली असं म्हणायला हरकत नाही. निघताना मी व्याह्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "हे मुलाचे मामा ना?" ते म्हणाले, "न्हाई न्हाई. हे तुमच्या लातूरचेच हायत. गंजगोलाईच्या बाजारात माझ्या मागं हॉर्न वाजवून राहिले होते. उतरून विचारलं, काय काम हाय. म्हणले काही न्हाई. म्हणलं काही न्हाई तर मग चला, चांगल्या कामाला चाललोय." बांगड्यांचे घाऊक व्यापारी निघाले ते. पुढे लग्नात त्यांना मानाचा फेटा बांधला, आणि आमच्याकडच्या बायका आजही त्यांच्याच दुकानातून बांगड्या भरतात.

आता, दुसऱ्याच्या हॉर्नला इतकं मानणारा माणूस स्वतःचा हॉर्न कसा वापरत असेल? तर एखादा माणूस परक्या घराची कडी वाजवतो तसा. आधी गाडीचा वेग कमी करायचा. मग समोरचा आपोआप बाजूला होतोय का, ते बघायचं. मग घसा खाकरायचा. का, ते विचारू नका, बंद काचेच्या आत घसा खाकरून समोरच्या बैलगाडीला काय कळणार, पण ते खाकरतात. आणि मग अगदीच इलाज नसेल तर अंगठ्यानं एक बारीकसा 'पी'. दवाखान्यासमोर नाही, शाळेसमोर नाही, देवळा-मशिदीसमोर नाही, म्हाताऱ्या माणसाला तर नाहीच. जनावराला मुळीच नाही. "त्याला बिचाऱ्याला कळत न्हाई, आपल्याला कळतंय." रस्त्यात म्हैस बसली असली तर ते खाली उतरून तिच्याशी बोलतात. सीमेवरच्या देगलूरकडचे असल्यामुळे म्हशीशी ते कानडीत बोलतात आणि, मी स्वतः पाहिलंय, म्हैस उठते. आणि ज्याला हॉर्न दिला, त्याच्या बरोबरीला गाडी आली की काच खाली करून सांगायचं, "हॉर्न दिला बरं का, राग मानू नका." सायकलवाला हे ऐकून इतका दचकतो, की हॉर्नपेक्षा माफीनंच पडायची वेळ येते.

गाडीचा मूळ हॉर्न त्यांना फार उर्मट वाटायचा. गॅरेजवाल्याकडे जाऊन ते म्हणाले, "जरा नरम आवाजाचा बसवून द्या." गॅरेजवाल्याला वाटलं आपल्याला ऐकू कमी आलं. आयुष्यभर त्यानं लोकांना आणखी मोठा, आणखी कर्कश, ट्रकचा, रेल्वेचा असे हॉर्न बसवून दिलेले. त्यानं चार-पाच वाजवून दाखवले. प्रत्येकाला यांनी मान हलवली. शेवटी एका जुन्या मोपेडचा काढून ठेवलेला हॉर्न त्यांना पसंत पडला. तो वाजतो की रडतो हे पटकन कळत नाही. स्वयंपाकघराच्या दारातून एखाद्या शहाण्या पोरानं 'आई, मी येऊ का?' म्हणावं तसा त्याचा आवाज आहे. गॅरेजवाला म्हणाला, "काका, ह्यो कोणालाच ऐकू जाणार न्हाई." व्याही म्हणाले, "ज्याला ऐकायचं हाय त्याला जातो."

त्यांच्याबरोबर प्रवास करणं म्हणजे काय, ते मी हिमायतनगरच्या एका लग्नाला जाताना अनुभवलं. नांदेड सुटेपर्यंतच ते इतक्यांदा उतरले, की मी अंग चोरून सीटवर खाली खाली घसरत जवळजवळ गाडीच्या तळाला लागलो. ओळखीचं कोणी बघू नये, एवढीच माझी प्रार्थना. विहीणबाई मात्र शांत होत्या. त्या कुठल्याही प्रवासाला निघताना मेथीच्या दोन जुड्या बरोबर घेतात. नवरा उतरला की पदर पसरून मेथी निवडायला लागतात, तो परत आला की पदर गोळा करतात. "घ्या भाऊ," अर्धी जुडी माझ्या मांडीवर ठेवत त्या म्हणाल्या, "यायला वेळ हाय त्यांना. मागं बस हाय." मागे खरोखरच हदगावला निघालेली बस होती. आमचे व्याही ड्रायव्हरच्या खिडकीखाली हात जोडून मान वर करून उभे. ड्रायव्हर खेकसत होता, "ओ मामा, साइड द्या की!" व्याही म्हणाले, "देतो की मालक. तेवढ्यासाठीच बोलावलं व्हय? मला वाटलं घरचं कोणी बसलंय अन् मला बघितलं." बसमधली माणसं खिडक्यांतून डोकी काढून बघायला लागली. एका म्हातारीनं वरून विचारलं, "कुणाचा रं बाबा तू?" त्यावर यांनी गावापासून सुरुवात केली. म्हातारीचं माहेर यांच्या आजोळच्या शेजारच्या गावचं निघालं. तेवढ्यात माझी मेथी निवडून झाली. आज त्या रस्त्यावर तो ड्रायव्हर त्यांना कधी भेटला तर हॉर्नवरचा हात उचलून लांबूनच राम राम घालतो. शहाणा माणूस. बसची वेळ पाळायची असते त्याला.

बहुतेक लोक असेच वागत. आधी भांबावत, मग ओशाळत, मग हसत. "काही न्हाई काका, सवय हाय." "लागला चुकून." "आता जातो, तुम्ही बसा गाडीत, उन्हात उभं राहू नका." चौकातला एक वाहतूक पोलीस तर त्यांची गाडी लांबून दिसली की मागच्यांना हातानंच दटावायचा, कारण हे उतरले की त्याचा सगळा चौक तुंबायचा. शिव्याही मिळत. त्या ते ऐकून घेत आणि गाडीत येऊन म्हणत, "बिचारा तकलीफमध्ये दिसतोय."

आणि मग मागच्या हिवाळ्यात तो प्रकार झाला.

सकाळची गर्दीची वेळ. सिग्नल लाल. व्याही एकटेच होते, मोंढ्यात थोरल्याला डबा द्यायला चाललेले. मागे पाण्याचे जार वाहणारी एक पिकअप, आणि तिचा हॉर्न एकसारखा. यांनी हँडब्रेक ओढला, उतरले, मागे गेले, हात जोडले आणि नेहमीचा प्रश्न विचारला. आत पंचविशीचा एक तरणाबांड गडी होता. तो दार उघडून खाली उतरला तोच संतापानं. "काय बोलावलं? कोणाला बोलावलं?" म्हणत त्यानं यांच्या छातीला धक्का दिला. हलकाच असेल, पण यांचं वय काही धक्का झेलायचं नाही. ते मागे दुभाजकावर पडले. उजवा हात अंगाखाली आला आणि मनगट मोडलं.

लोक जमले. निम्म्यांनी मोबाइल काढले आणि निम्म्यांनी बाह्या सरसावल्या. त्या पोराला लोकांनी धरलंच होतं, पण खाली पडलेले व्याही तिथूनच ओरडले, "हात लावू नका त्याला! त्यानं बोलावलं, मी गेलो. आमची आपसातली बात हाय." लोक गोंधळले. त्या गोंधळात पिकअप निघून गेली.

हाताला प्लास्टर बसलं. पण खरं मोडलं ते दुसरंच काहीतरी. कोणीतरी काढलेला व्हिडिओ दोन दिवसांत सगळीकडे फिरला. 'हॉर्नकाका' म्हणून लोक तो एकमेकांना पाठवायला लागले, खाली हसणारे चेहरे टाकायला लागले. लातूरला माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकानं तो मलाच दाखवला. थोरल्या मुलानं गाडीची किल्ली कपाटात टाकली आणि म्हणाला, "बस झालं आता. उद्या कोणी जीव घेईल." यांनी वाद घातला नाही. वाद घातला असता तर बरं, असं पल्लवी मला फोनवर म्हणाली. "अप्पा, तुम्ही एकदा येऊन जा. मामा बोलतच नाहीत." सासऱ्यांना ती मामा म्हणते.

मी गेलो. त्यांचं घर वर्दळीच्या रस्त्यावर आहे. ते गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले होते, गळ्यात झोळी, झोळीत हात. खाली रस्ता वाहत होता. ऑटोचे, बुलेटचे, टेम्पोचे, शाळेच्या गाड्यांचे हॉर्न एकावर एक आदळत होते. एरवी घरात बसलेले असले तरी एखाद्या हॉर्नला त्यांची मान वळायची. त्या दिवशी एकदाही वळली नाही. मी आपला दुकानाचं, पाण्याचं, हरभऱ्याच्या भावाचं बोलत राहिलो. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "व्याहीबुवा, मी लई विचार केला. मला वाटत होतं लोक बोलावून राहिलेत. तसं काही न्हाई. कोणी कोणाला बोलावत न्हाई. नुसतं वाजवतात." आणि पुन्हा रस्त्याकडे बघायला लागले. त्यांच्याबरोबरच्या प्रवासात सीटखाली लपणारा मी, पण त्या क्षणी मला वाटलं, या माणसानं आत्ता उठावं, जिना उतरावा आणि भर रस्त्यात सगळ्या नांदेडची वाट अडवून उभं राहावं.

पल्लवी माझीच मुलगी. तिनं तो व्हिडिओ लोक हसायला बघत होते त्यापेक्षा वेगळ्या नजरेनं बघितला. पिकअपच्या पाठीमागे मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'रागावू नका, पाणी प्या.' असं लिहिलेली गाडी शहरात दुसरी कशाला असेल? गल्लीत जार टाकणाऱ्याकडे तिनं चौकशी केली आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "अप्पा, चला." मी विचारलं, पोलिसांत द्यायचंय का? ती म्हणाली, "नाही. मला फक्त विचारायचंय."

गावाबाहेरच्या रस्त्यावर पाणी भरायच्या शेडपाशी तो सापडला. हदगावकडच्या एका खेड्यातला पोरगा. आम्हाला ओळखत नव्हता, पण पल्लवीनं "मी त्या काकांची सून" म्हटल्याबरोबर त्याच्या हातातला जार निसटून खाली टेकला. "ताई, माझी गाडी हप्त्यावर हाय," तो म्हणाला. मग एकदम विचारलं, "हात कसा हाय काकांचा?"

"तू धक्का का दिलास?" पल्लवीनं सरळ विचारलं.

तो जरा वेळ जारच्या झाकणाशी चाळा करत राहिला. "ताई, खरं सांगू का? मला वाटलं ते मारायलाच येऊन राहिले. गाडीतून उतरून मागं येणारा माणूस आजपर्यंत मला मारायलाच आलेला हाय. दुसऱ्या कामाला कोणी उतरतं का? अन् वरून हात जोडून म्हणले, बोलावलं का. मला वाटलं माझी टिंगल करून राहिले. माझं डोकं फिरलं." मग खाली बघून म्हणाला, "नंतर व्हिडिओत ऐकलं, ते खाली पडून पण माझ्यासाठीच ओरडून राहिले. तेव्हापासून गोड लागेना काही."

"मग घरी ये," पल्लवी म्हणाली. तो नको नको म्हणत होता. यायची भीती वाटत होती त्याला, आणि न यायचीही. शेवटी आमच्या मागोमाग आला, तो संपूर्ण रस्ताभर एकदाही हॉर्न न वाजवता. मी मागे वळून वळून बघत होतो, आहे ना म्हणून.

जिना चढून तो दारातच उभा राहिला. थोरला मुलगा सुदैवानं दुकानात होता. विहीणबाईंनी त्याला ओळखलं. व्हिडिओ त्यांनीही पाहिला होता. त्या आत गेल्या, आणि मला वाटलं आता बाहेर येतच नाहीत, तर चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि कप त्याच्यासमोर जरा जोरातच ठेवला. तेवढा हक्क त्यांचा होता. तो खुर्चीच्या अगदी काठावर बसला होता. व्याही त्याच्याकडे निरखून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी ती जुनी उत्सुकता हळूहळू उगवताना मी पाहिली.

"तेव्हा विचारायचं राहिलं," ते म्हणाले. "कशाला बोलावलं होतं मला?"

पोरगा कप बाजूला सारून म्हणाला, "काका, सिग्नल लाल होता. तुम्ही जाऊ शकत न्हाई हे मला पण दिसत होतं. पण माझं असं हाय, पाय ब्रेकवर गेला की हात आपोआप हॉर्नवर जातोय. तुम्हाला म्हणून वाजवलाच नव्हता."

"म्हणजे मला बोलावलंच नव्हतं?"

"न्हाई काका. देवाशपथ न्हाई."

व्याह्यांनी झोळीतला हात सावरला. मग म्हणाले, "मग चूक माझीच की. बिगर आमंत्रणाचा गेलो. आगंतुक पाहुण्याला धक्का बसतोच." आणि ते हसायला लागले. पोट हलेपर्यंत हसले, हसता हसता झोळीतला हात दुखला म्हणून कळवळले आणि कळवळता कळवळता पुन्हा हसले. तो पोरगा मात्र रडायला लागला. विहीणबाईंनी त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

त्यानंतर दवाखान्यात दाखवायला न्यायचं काम त्यानंच मागून घेतलं. जारच्या फेऱ्या संपल्या की पिकअप खाली येऊन उभी राहायची, आणि आमचे व्याही पुढच्या सीटवर बसून, पाण्याच्या रिकाम्या जारांच्या ताफ्यासह दवाखान्यात जायचे. थोरला मुलगा पहिले काही दिवस धुसफुसला, मग त्यानंही दुकानात पाणी त्याचंच सुरू केलं. पोराची सवय पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. पण त्यानं एक युक्ती काढली: लाल सिग्नलला दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसायचं. व्याही हे मला फोनवर इतक्या अभिमानानं सांगत होते, की जणू त्यांच्या नातवानं परीक्षेत नंबर काढला.

मनगट जुळलं, पण जरा तिरकं. स्टिअरिंग वळवताना कळ येते. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. कपाटातली किल्ली आता कपाटातच राहणार, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. तेव्हा विहीणबाई उठल्या, कपाट उघडलं, किल्ली काढली आणि म्हणाल्या, "मी शिकते."

घरात एकच हलकल्लोळ झाला. या वयात? या रस्त्यांवर? विहीणबाई म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून ह्यांच्या शेजारी बसून राहिले. क्लच कुठं अन् ब्रेक कुठं, मला काय माहीत न्हाई? चालवणारा माणूस दर चौकात उतरून जायचा, तेव्हा गाडीत मीच असायची." मोंढा बंद असतो त्या दिवशी तिथल्या मोकळ्या आवारात शिकवणी सुरू झाली. शिकवायला अर्थात आमचे व्याही. गाडी रिव्हर्समध्ये तुरीच्या पोत्यांच्या थप्पीला टेकली, एकदा हमालांनी ती उचलून सरळ केली, पण विहीणबाई शिकल्या. व्याही शेजारी बसून सूचना द्यायचे, आणि पुढे कोणी आडवं आलं तर हॉर्न द्यायच्या आधी स्वतःच काचेतून डोकं काढून "मावशी, जरासं सरकता का?" म्हणायचे. विहीणबाई म्हणायच्या, "तुम्ही डोकं आत घ्या आधी, माझा आरसा झाकून राहिलाय."

या संक्रांतीला त्या दोघांनी आमच्याकडे लातूरला यायचं ठरवलं, तेही गाडीनं, विहीणबाईच चालवणार. मी सकाळपासून फाटकात. बायकोनं दोनदा जेवण गरम केलं. गाडी आली ती इतकी हळू, की आधी बातमी आली आणि मग गाडी आली, असं म्हणावं लागेल. विहीणबाई उतरल्या, पदर खोचला आणि घामेजल्या चेहऱ्यानं म्हणाल्या, "आलं बाई एकदाचं लातूर." व्याही त्यांच्या बाजूनं सावकाश उतरले. डाव्या हातानं दार धरून. मला ते एकदम वाकलेले दिसले. सदरा तोच, पण खांद्यावरून उतरलेला. तिळगूळ घेताना उजवा हात पुढे आला खरा, पण तळवा पुरता उघडेना. मग त्यांनी तो डाव्या हातानं उघडून धरला आणि मी त्यात तिळगूळ ठेवला.

"उतरायचं आता जमत न्हाई व्याहीबुवा," जेवताना ते म्हणाले. "गुडघे बोलू लागलेत. हिला पण एकटीला गाडीत सोडून जावं वाटत न्हाई." मग म्हणाले, "पण लोक वाईट न्हाईत. घाईत हायत. थोडं थांबा म्हणलं तर थांबतात. म्हणणारं कोणी पाहिजे."

अंधार पडायच्या आत पोचायचं म्हणून ते दुपारीच निघाले. नांदेड रोडपर्यंत मी माझ्या स्कूटरवर त्यांना सोडायला गेलो आणि कडेला थांबलो. विहीणबाईंनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलेलं, मान ताठ, नजर पुढे. गाडी रस्त्याला लागली आणि बघता बघता तिच्या मागे रांग धरली: उसाचा एक ट्रॅक्टर, दोन ऑटो, कॉलेजच्या पोरांच्या चार-पाच मोटारसायकली आणि एक भलामोठा ट्रक. तेवढ्यात व्याह्यांच्या बाजूची काच खाली झाली आणि अंग वळवून त्यांनी तो तिरका जुळलेला हात बाहेर काढला. ना खूण, ना इशारा. मागच्या सगळ्यांकडे जरासा वेळ मागावा, तसा तो हात हवेत हळूहळू हलत राहिला. वळणाआड जाईपर्यंत मी ती रांग बघत होतो. ट्रक मागे, पोरं मागे, सगळे हॉर्न न वाजवता त्या गाडीच्याच चालीनं चाललेले. आणि त्या दुपारी तरी, त्यांनी मागितलेला वेळ लोक त्यांना देत होते.